बेटम्याच्या फाट्यावर मी आवाज वाढवला

मोटरसायकलला नवे स्पीकर बसवल्याचे फोटो टाकले, तेव्हापासून बरेच जण विचारत आहेत की कोणते घेतले, किती खर्च आला आणि हायवेवर कसे वाजतात. त्यांना एकदाच उत्तर द्यावं म्हणून ही पोस्ट. स्पीकर उत्तम आहेत. इंदूरहून मांडूला जाताना हायवेवर चाळीसेक किलोमीटर वाजवून पाहिलेत. पण या प्रवासाला मी ते न बसवता गेलो असतो तर फार बरं झालं असतं. का, ते सांगितल्याशिवाय नुसती माहिती द्यायला माझं मन धजत नाही.

मी मूळचा सांगलीचा. पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली, इंदूरच्या मराठी घरातली मुग्धा बायको मिळाली आणि गेली पाच वर्षं मी या शहराचा जावई आहे. मुग्धाचे वडील, नाना, आमच्याच घरी असतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी गळ्यातली गाठ काढताना आवाजाची नस दुखावली, तेव्हापासून ते नुसतं कुजबुजल्यासारखं बोलतात. शांत खोलीत समोर बसलं तर कळतं, पण फोनवर अक्षरही पोचत नाही.

नानांचा धाकटा भाऊ, शरदकाका, धारला राहतो. दोघांत अकरा वर्षांचा अबोला. कारण सांगितलं तर तुम्ही हसाल. काकांच्या मुलीच्या लग्नाची हिंदी पत्रिका छापली, तेव्हा नानांचं नाव ‘विनीत’मध्ये, म्हणजे निमंत्रकांत, वर यायच्या ऐवजी खाली ‘दर्शनाभिलाषी’च्या ओळीत, लांबच्या मेव्हण्यांच्या शेजारी छापलं गेलं. नाना लग्नालाच गेले नाहीत. काकांनी दुसऱ्या दिवशी पेढे पाठवले, ते नानांनी परत पाठवले. मग जे बंद झालं ते झालंच.

यंदा थंडीत एका सकाळी नाना माझ्या शेजारी येऊन बसले. “श्रीकांतराव, एकदा धारला जायचं आहे. शरदला बोलायचं आहे. फोनवर तर होत नाही, सामने बसूनच बोलावं लागेल.”

काय बोलायचंय, असं मी विचारलं नाही, पण त्यांनीच सांगितलं. “जास्ती काही नाही. शरद, चुकलं माझं, बस इतकंच.”

मुग्धाने धारला चुलतभावाच्या बायकोला, स्मिताला, फोन केला. काकांनी दिवसभर विषय बाजूला ठेवला म्हणे, आणि मग संध्याकाळी म्हणाले, येऊ दे. ठरलं. रविवारी सकाळी निघायचं, धारला काकांना भेटायचं, जमलं तर त्यांनाही, त्यांच्या मुलाच्या गाडीने, घेऊन पुढे मांडू करायचं. कारने जाऊ म्हटलं तर नानांनी मान हलवली. तरुणपणी दोघे भाऊ त्याच रस्त्याने एका जुन्या फटफटीवर मांडूला जायचे. त्यांना मोटरसायकलच हवी होती.

आता माझ्या शहाणपणाकडे येतो. माझ्याकडे सेकंडहँड घेतलेली मोठी टूरिंग मोटरसायकल आहे. हँडलपुढच्या आवरणात, फेअरिंगमध्ये, कंपनीचे दोन स्पीकर होते, ते साठच्या पुढे गेलं की फाटक्या कागदासारखे वाजत. नानांना जुनी भावगीतं आवडतात. म्हटलं, म्हातारा माणूस एवढ्या मोठ्या कामाला निघालाय, रस्ताभर त्यांची गाणी वाजली पाहिजेत. आता खरं लिहायचं तर नाना हे निमित्त होतं. हौस माझी होती.

पलासियाच्या मागच्या बाजूला सलीम भियाचं दुकान आहे, गाड्यांच्या साउंडचं काम करतात. साडेपाच इंचाचे जुने काढून साडेसहा इंचाचे नवे, पाणी लागलं तरी चालणारे, खाली अडॅप्टर रिंग, मागे फोमची पट्टी आणि सीटखाली छोटा अँप्लिफायर. अँप्लिफायरची वायर फ्यूज लावून थेट बॅटरीवरून घ्या. जुन्याच वायरला जोड मारणाऱ्याकडे काम देऊ नका. सगळं मिळून अठ्ठावीस हजार आणि दोन दिवस. आवाजाचं बटण डाव्या अंगठ्याखाली येतं, हात सोडावा लागत नाही.

काम चालू असताना सलीम भियाने विचारलं होतं, “पीछे कौन बेठेगा, भिया?”

“ससुरजी।”

“तो अपनी मानो, पेले इंटरकॉम ले लो। दोनों हेलमेट में लग जाएगा। ये स्पीकर तो पूरा आपके मूं पे फेंकेगा, पीछे से बाऊजी कुछ बोलेंगे तो नी सुनाई देगा।”

मी म्हटलं, ते तसेही कमीच बोलतात. त्यांनी दाताच्या कण्या केल्या, पण मला तेव्हा कंपनीच्या स्पीकरपेक्षा बेस किती वाढला एवढंच ऐकायचं होतं. इंटरकॉमचे सहा हजार मी वाचवले. हे वाक्य लिहिताना आजही कसंतरी होतं.

रविवारी सकाळी आठला निघालो. नानांनी दाढी करून कोट घातला होता, काकांसाठी घेतलेली शाल डिक्कीत ठेवली होती. निघण्याआधी कोपऱ्यावर पोहे-जलेबी खाल्ली. इंदुरात हे न करता शहर सोडलं तर दिवस चुकतो, असं नाना म्हणतात. धार रोडला लागेपर्यंत ट्रॅफिक आणि टेम्पो, पण एकदा चौपदरी लागला की रस्ता लोण्यासारखा. दोन्हीकडे गहू गुडघ्याइतका आलेला, हरभऱ्याचा वास आणि झोंबणारी थंडी. टोलला दुचाकीला काही लागत नाही. नानांना घेऊन सत्तरच्या वर जायचं नाही असं मुग्धाने बजावलं होतं, ते मी पाळलं.

आणि स्पीकर काय वाजत होते! सत्तरलासुद्धा तबल्याचा ठोका न् ठोका वेगळा ऐकू येत होता. शेताकडेने जाणाऱ्या बायका वळून पाहत होत्या. मी इतका खूष होतो की मागे कुणी बसलंय याचंही अधूनमधून भान जात होतं.

वाटेतल्या बेटमा गावाच्या फाट्याजवळ नानांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. मग दुसरी. मला वाटलं, ठेका धरलाय. मग ते पुढे वाकले आणि त्यांनी माझ्या हेल्मेटपाशी तोंड आणलं. फाट्यामुळे वेग कमी केला होता, गाणंही हळू ओळीवर होतं, म्हणून त्यांची कुजबुज कशीबशी कळली, “आवाज द्या! श्रीकांतराव, आवाज द्या!”

मी अंगठा दाबला आणि आवाज वाढवला. चार घरं वाढवला, शेवटपर्यंत.

खांद्यावर आणखी तीन-चार थापा पडल्या. आरशात नानांचा एक हात वर गेलेला दिसला. मी मनात म्हटलं, वा, म्हातारा रंगात आला. मग थापा थांबल्या. मी तसाच चंबळ नदीच्या पुलापर्यंत, घाटाबिल्लोदपर्यंत, दहा-बारा किलोमीटर गेलो आणि एका चहाच्या टपरीपाशी गाडी लावली.

उतरल्या उतरल्या मी विचारलं, “काय नाना, कसा काय आवाज?”

नाना हेल्मेटचा पट्टा सोडवत होते. त्यांना तो सुटेना. मी सोडवला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं. आधी मला वाटलं वाऱ्याने आलं असेल.

“शरद होता,” ते म्हणाले.

“कुठे?”

“बेटम्याला. फाट्यावर. मफलर घालून उभा होता. मला पाहून हात वर केला त्याने. मी तुम्हाला म्हटलं ना, आवाज द्या.”

मराठी वाचकांपैकी सांगली-साताऱ्याकडच्यांसाठी सांगतो. इंदूरच्या मराठीत ‘आवाज देणे’ म्हणजे हाक मारणे. हिंदीतून आलंय. नानांना स्वतःला ओरडता येत नाही, म्हणून त्यांनी मला सांगितलं की माझ्या भावाला हाक मार. आणि मी भावगीत मोठं केलं.

मला हा अर्थ माहीत नव्हता असं म्हणायची सोय नाही. घरात रोज ऐकतो. “मुग्धाला आवाज द्या”, “दूधवाल्याला आवाज द्या”. उलट दर वेळी मी चेष्टेने सुधारायचो की नाना, आवाज फटाक्याचा असतो, माणसाला हाक मारतात. ते हसून सोडून द्यायचे. तेव्हा अर्थ पुरेपूर ठाऊक होता. फक्त त्या क्षणी डोक्यात स्पीकर भरलेले होते, आणि ‘आवाज’ म्हटल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, तो मी त्या दिवशी अठ्ठावीस हजार देऊन विकत घेतला होता.

चहा तसाच टाकून आम्ही मागे फिरलो. दुभाजकातला पुढचा कट गाठून वळेपर्यंत आणि परत फाट्यावर येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं गेली. फाट्यावर दोन रिक्षा, एक पेरूवाला आणि सायकलवरच्या काही मुली होत्या. मी पेरूवाल्याला विचारलं, मफलरवाले एक बाबूजी इथे उभे होते का.

“हाँ, थे ना। सात-साढ़े सात से खड़े थे। कै रिये थे बड़े भिया आ रिये हें, लेने आया हूँ।” त्याने माझ्या गाडीकडे नीट पाहिलं. “अभी ऐसीज गाड़ी निकली थी, गाना बजाती हुई। उसके बाद थोड़ी देर वो बेठ गए यहाँ। फिर इंदौर वाली बस में चढ़ गए।”

नाना त्या पेरूच्या गाडीशेजारच्या दगडावर टेकले. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं की काका परत घरीच येतील, आपण धारला जाऊन थांबू. त्यांनी मान डोलावली. मी स्पीकरची मेन वायर तिथेच फ्यूज काढून बंद केली. आता बंद करून काय उपयोग, हे मलाही कळत होतं.

धारमध्ये काकांचं घर शोधायला त्रास झाला नाही. स्मिताने दार उघडलं आणि आमच्या मागे कुणी दिसतंय का ते आधी पाहिलं.

“पप्पा नाही आले तुमच्याबरोबर?” तिने विचारलं. मग तिच्याकडूनच सगळं कळलं. काका पहाटे पाचलाच उठले होते. दादा येऊन राहिलाय आणि मी घरात बसून राहू का, म्हणाले. वेशीपर्यंत सामोरं जायची आपल्याकडे रीत आहे. “मी म्हटलं, पप्पा, फोन तरी करून द्या जिज्जूंना. तर म्हणे, सामोरं जायला कोणी फोन करतं का? आणि धारची वेस म्हणे जवळ पडते, अकरा वर्षांचं आहे, थोडं पुढे जाऊन घेऊ. पहिल्या बसने बेटम्याला निघून गेले.”

ओट्यावर वरण आणि कणकेचे उकडलेले गोळे, दाल-बाफल्यांची तयारी दिसत होती. पाच ताटं काढून ठेवलेली होती.

स्मिताने काकांना फोन लावला. ते बसमध्ये होते. इंदूरहून पुढे उज्जैनला मुलीकडे जातो, म्हणाले. स्मिताने फोन नानांच्या हातात दिला. नानांनी दोन्ही हातांनी तो तोंडाशी धरला आणि जेवढा जोर होता तेवढा लावून बोलले, “शरद. मी दादा. शरद, चुकलं—”

पलीकडून बसच्या घरघरीत काकांचा आवाज आला, “हॅलो? कोण आहे? हॅलो? आवाज नाही येऊन राहिला.” आणि फोन बंद झाला.

नानांच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. मला त्यांच्याकडे पाहवेना. मी फोन घेऊन अंगणात गेलो आणि पुन्हा लावला.

“काका, मी श्रीकांत. मुग्धाचा नवरा. चूक सगळी माझी आहे. नानांनी तुम्हाला पाहिलं होतं. ते मला म्हणाले आवाज द्या, आणि मी... मी गाण्याचा आवाज वाढवला, काका.”

ते अगदी नीट, पाहुण्याशी बोलावं तसं बोलले. “जावईबापू, किती वर्षं झाली तुम्हाला इंदूरमध्ये?”

“पाच.”

“पाच वर्षांत आवाज देणं म्हणजे काय, हे समजलं नाही तुम्हाला? इथे तर दो साल का बच्चापण समजतो.”

“समजतं काका, पण तेव्हा—”

“असू द्या. सासऱ्याची बाजू सांभाळायलाच हवी जावयाने, मी नाराज नाही आहे. पण मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं ना. मी हात केला. दादाने पण हात केला, टाटा करतात तसा. आणि बरोबर माझ्यासमोर आल्यावर गाणं मोठं झालं. थांबायचं नव्हतं तर नसतं थांबायचं. गाणं कशाला मोठं करायचं?”

खरं कारण मी सांगून चुकलो होतो आणि ते इतकं मूर्खपणाचं होतं की खोटंच वाटत होतं. एखादी थाप मारली असती, ब्रेक लागला नाही म्हटलं असतं, तर कदाचित त्यांनी विश्वास ठेवला असता.

स्मिताने आग्रह करून जेवायला वाढलं. बाफले चांगले असणार, मला चव आठवत नाही. शाल नानांनी स्मिताकडे दिली. तिने ती घेतली, पण पप्पांना काय सांगून देऊ, असं विचारलं. नानांनी शालीची घडी पुन्हा नीट केली.

मला वाटलं होतं आता घरी परतू. पण नाना म्हणाले, मांडूला चला, आलोच आहोत. धारहून मांडू पस्तीस किलोमीटर. शेवटचा घाट वळणावळणाचा आहे, सावकाश चढा. गोरखचिंचेची ती जाडजूड खोडाची झाडं दिसू लागली की आलंच समजा. राहायला सरकारी निवास आहे, रविवारी दुपारनंतर गर्दी ओसरते, आम्हाला खोली लगेच मिळाली. जहाज महालाजवळ पार्किंग आहे. राणी रूपमतीच्या मंडपापर्यंत चढ आहे, वयस्कर माणूस बरोबर असेल तर खालीच बाकावर बसवा. ही सगळी माहिती द्यायला हवी म्हणून देतोय. मी स्वतः त्यातलं फार काही पाहिलं नाही.

नाना बाकावर बसले होते. खाली निमाडचं मैदान धुरकट दिसत होतं आणि पार टोकाला नर्मदेची रेघ. मी त्यांच्या तोंडाशी कान नेऊन बसलो. ते सांगत होते, शरद फटफटीवर मागे बसायचा आणि सारखी बडबड करायचा. “मला काही ऐकू यायचं नाही. मी हो-हो करत राहायचो. एकदा म्हणाला, दादा, चप्पल पडली. मी म्हटलं, हो. पाच मैल पुढे येऊन गेलो, तेव्हा समजलं.” ते हसले. “एक चप्पल घालून पूरा मांडू फिरला. पण नाराज नाही झाला. तेव्हा नव्हता होत.”

मी माफी मागितली. दिवसभरात चौथ्यांदा असेल. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “तुमच्यामुळे नाही, श्रीकांतराव. मी पेढे परत पाठवले होते. त्याला तेच याद आलं असेल.” त्यांनी हे मला बरं वाटावं म्हणून म्हटलं की खरंच तसं वाटत होतं म्हणून, मला अजून कळलेलं नाही. मला बरं मात्र वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी परतलो. फ्यूज काढलेलाच होता. दर दहा-पंधरा किलोमीटरवर मी गाडी कडेला घ्यायचो, इंजिन बंद करायचो आणि वळून विचारायचो, काही म्हणायचंय का. बहुतेक वेळा नाना नाही म्हणायचे. बेटम्याच्या फाट्यावर मात्र मी न विचारता थांबलो. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि चला म्हणाले.

याला दीड महिना झाला. नानांनी उज्जैनच्या पत्त्यावर दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. मग मी एकटा उज्जैनला जाऊन आलो, बसने. काका घरी होते. त्यांनी चहा पाजला, मुग्धाची चौकशी केली, थंडी यंदा लांबली म्हणाले. नानांचा विषय मी काढला की ते पेपर उचलत. निघताना मी पाया पडलो तेव्हा डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “गाडी जपून चालवत जा.” मनात राग असता तर मी भांडून पाहिलं असतं. त्यांनी सगळं मिटवून टाकल्यासारखं वाटलं, आणि त्याला हात कुठून घालायचा ते मला कळेना.

स्पीकरबद्दल विचारणाऱ्यांना माझं म्हणणं एवढंच. एकटे जाणार असाल तर जरूर बसवा. मागे माणूस असेल तर आधी इंटरकॉम घ्या आणि मग उरलेल्या पैशाचं बघा. मी आता घेतलाय. नाना त्यानंतर गाडीवर बसलेले नाहीत.

परवा सकाळी मी बैठकीत चहा घेत होतो, मुग्धा आत होती. नानांना गोळी हवी होती. ते माझ्याजवळ आले, बोलायला तोंड उघडलं आणि क्षणभर थांबले. मग एकेक शब्द जपून, पाहुण्याच्या घरी बोलावं तसं म्हणाले, “श्रीकांतराव, मुग्धाला जरा हाक मारता का?”